अठ्ठेचाळीस बॉक्स परत

मंगळवार, ९ सप्टेंबर — सकाळी ११.४०

टेम्पो दारात थांबला तेव्हा घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. बेकरीवाल्या बाईंनी माझ्या चॉकलेटच्या साठ बॉक्सपैकी अठ्ठेचाळीस परत पाठवले. चिठ्ठी नाही, फोन नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंचा निरोप आहे, सध्या नको." सध्या म्हणजे कधीपर्यंत? त्याला काय ठाऊक. तो बिचारा पावांचे ट्रे घेऊन पुढे गेला.

आठच दिवसांपूर्वी ह्याच बाई माझा हात हातात धरून म्हणाल्या होत्या, "काकू, काउंटरवरची वरची फळी कायमची तुमची." कायमची म्हणजे आठ दिवस, हे मला माहीत नव्हतं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या — रडत आलीस तर परत जा, तारीख-वेळ घेऊन आलीस तर बस. पुढे चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवल्या. आता माझी.

ह्यांनी खोकी आत आणली. म्हणाले, "जाऊ दे ना." जाऊ दे म्हणणाऱ्यांनीच जग बिघडवलंय.

बुधवार, १० सप्टेंबर

सगळे अठ्ठेचाळीस उघडून पाहिले. रिबनी सरळ. चंदेरी कागदाला एक सुरकुती नाही. वड्या चकचकीत, पांढरा डाग शोधून सापडत नाही. मोडली की कट् असा आवाज आला पाहिजे — आला. बदामाची एक खाल्ली, संत्र्याच्या सालीची एक. गोड, मागून थोडी कडवट. हवी तशी. संत्रं जरा फिकं लागलं, पण तो दुकानदाराचा दोष. हल्ली कुठल्याच मालात कस राहिलेला नाही. कॉफीसुद्धा नुसतं कडू पाणी.

ठेवण्यात चूक म्हणावी, तर तीही नाही. फ्रिजमध्ये चॉकलेटला घाम सुटतो आणि मग ते पांढरं पडतं. स्वयंपाकघर तापतं. म्हणून महिनाभर थर्मामीटर घेऊन घरभर फिरले. सर्वांत गार जागा म्हणजे मागच्या खोलीतलं लाकडी कपाट, भिंतीवर कधी ऊन येत नाही तिथलं. रजया आणि स्वेटर वरच्या कप्प्यांत चढवले, खालचे दोन कप्पे चॉकलेटला दिले. बेकरीत एसी असेल, माझ्याकडे डोकं आहे.

मग परत का?

खरं सांगायचं तर — इथे तरी खरं सांगावं — निवृत्त झाल्यावर दीड वर्ष मी काय केलं? पडदे धुतले. सुकले की पुन्हा धुतले. गेल्या जानेवारीत हौस म्हणून पहिला साचा आणला आणि त्यानंतर पडद्यांकडे पाहिलं नाही. ती फळी गेली तर पुन्हा पडदेच.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पत्र लिहिलं. तीन वेळा. पहिल्यात 'उद्धटपणा' होतं, दुसऱ्यात 'असभ्यपणा'. तिसऱ्यात दोन्ही काढलं, नुसतं कारण मागितलं — 'माल परत करण्याचं कारण लेखी कळवावं. मुदत शनिवार संध्याकाळी पाचपर्यंत.' प्रत ठेवून घेतली. स्वतः जाऊन गल्ल्यावर दिलं. बाई आत भट्टीपाशी होत्या. मला पाहिलं आणि पाठ फिरवली! मी ताडकन परत आले.

हे म्हणाले, "चालत गेलीस? उन्हात?" तेवढंच. ह्यांचं तोंड हल्ली फक्त खायला उघडतं. परत आलेल्या बॉक्समधल्या चार वड्या सकाळपासून संपवल्या. कशी आहे विचारलं तर — "छान झालीय." जानेवारीपासून हा एकच अभिप्राय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

वन्सं आल्या होत्या. आल्या की पहिल्यांदा भिंतीचा रंग, मग माझं वजन, मग चहा. आज चॉकलेट पुढे केलं. एक तुकडा तोंडात घातला आणि उठून थेट बेसिनकडे. चूळ भरून आल्या. "दाढ दुखतेय हो वहिनी, गोड चालत नाही." त्यानंतर चहात तीन चमचे साखर घातली. दाढ बहुतेक माणूस बघून दुखते.

ह्यांनी बहिणीकडे असं काही पाहिलं, की पुढे काही बोलू पाहणाऱ्या वन्सं एकदम हवापाण्यावर आल्या. भावाबहिणीचं काय शिजतंय कोण जाणे.

शनिवार, १३ सप्टेंबर

चार पन्नासला पाकीट आलं. मुदतीच्या दहा मिनिटं आधी, एवढं श्रेय देते.

'काकू, रागावू नका. दिसायला तुमची चॉकलेटं माझ्या केकपेक्षा सुंदर आहेत. पण त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. चवीतही उतरलाय. बारा बॉक्स गेले, बाराही गिऱ्हाइकं परत आली. आधी वाटलं माझ्याच कपाटाचा वास लागला असेल, म्हणून तुम्ही घरून नवा नमुना आणलात तेव्हा त्यातली एक तुमच्यासमोरच खाऊन पाहिली. तुम्ही एवढ्या आनंदात होतात, तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. परवा पाठ फिरवली तीही त्याच लाजेने. माझं चुकलं.'

डांबराच्या गोळ्या! माझ्या चॉकलेटला!

तशीच मागच्या खोलीत गेले. कपाट उघडून डोकं आत घातलं. वास कसला? लाकडाचासुद्धा नाही. मग हात घालून चाचपलं. रजयांच्या मागे कापडी पुरचुंडी. थंडी संपल्यावर मीच ठेवलेली, दरवर्षी ठेवते तशी. आत गोळ्या, पांढऱ्याशुभ्र.

चॉकलेट शेजारचा वास पिऊन घेतं. हे मीच शेजारणीला शिकवलंय, कांद्याजवळ ठेवू नकोस म्हणून. म्हणजे बाई खरं बोलत होत्या. इथपर्यंत मान्य, चूक माझी.

पण एक गोळी नाकाशी धरली. काही नाही. जुनी झाली असेल म्हणून माळ्यावरचं न फोडलेलं पाकीट फोडलं. काही नाही. स्वयंपाकघरात येऊन कॉफीचा डबा उघडला. अंगाचा साबण. ह्यांचं दाढीनंतर लावायचं लोशन. व्हिनेगरच्या बाटलीने डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. ओट्यावर सगळ्या बाटल्या उघड्या मांडल्या होत्या आणि मी एकेकीवर वाकत होते, जणू त्यांतली एखादी तरी दया करील.

झाकणं लावली. सगळ्या जागच्या जागी ठेवल्या.

रविवार, १४ सप्टेंबर

कोणाला सांगितलं नाही. हे दोनदा म्हणाले, "आज गप्पशी?" डोकं दुखतंय म्हटलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

एकटीच डॉक्टरांकडे गेले. लवंगेचं तेल, कापूर, आणखी कसल्याशा कुप्या त्यांनी नाकापुढे धरल्या. मी डोळे मिटून बसले होते. "आता?" म्हणायचे. मी "नाही." "आता?" "नाही." शाळेतही एवढी नापास कधी झाले नव्हते.

फेब्रुवारीत मला आठवडाभर ताप आला होता, त्याने वास गेला असेल म्हणतात. परत येतो कधी कधी. सहा महिन्यांनी, वर्षाने. कधी येतच नाही. म्हणाले, आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचाच. जिभेला बिचारीला गोड-कडूपलीकडे फारसं कळत नाही. म्हणजे सात महिने मी नुसत्या हातांनी आणि आठवणीने चॉकलेट करते आहे. गॅस सुरू राहिला तर मला कळणार नाही. दूध करपलं तर कळणार नाही. संत्रं विकणाऱ्याला उगाच नावं ठेवली.

बेकरीवाल्या बाईंना पत्र टाकलं. ओळ एकच — 'आपण बरोबर होतात.' आजवर एवढं लहान आणि एवढं जड पत्र लिहिलेलं नाही.

उद्या साचे शेजारणीला देऊन टाकते. तिला नाक आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

औषधाचं नाव लागत नव्हतं, म्हणून चिठ्ठी घेऊन सकाळी पुन्हा डॉक्टरांकडे. चिठ्ठीवर नीट लिहिता लिहिता सहज म्हणाले, "तुमचे मिस्टर मार्चमध्येच येऊन गेले होते. बायकोचा वास गेलाय, तिला कळलेलं नाही, म्हणाले. सांगा म्हटलं, तर म्हणे, आत्ता कुठे ती सकाळची उठायला लागलीय, थोडे दिवस जाऊ देत."

घरी आले. साचे दिलेले नाहीत. पुढचा मजकूर ह्यांच्या चष्म्याखाली ठेवला आहे, ही त्याची प्रत:

'मार्चपासून आजपर्यंत मी काय काय करपवलं, नासवलं, आणि आपण ते छान म्हणून गिळलंत, त्याची तारीखवार यादी द्यावी. यापुढे प्रत्येक साच्यातली पहिली वडी आपण हुंगायची, खायची आणि खरं तेच सांगायचं, हे कबूल आहे की नाही तेही कळवावं. "छान" हा शब्द ग्राह्य धरला जाणार नाही. लेखी उत्तर उद्या, बुधवारी सकाळी दहाच्या आत.'