मुळाशिवायची अकरा चित्रं

३ जानेवारी
पोचले एकदाची! खोली ऐसपैस, उत्तरेचा उजेड, टेबल हवं तेवढं लांब. काचेतून बाग दिसते: गुडघाभर बर्फ आणि त्यात एकच जांभळी कळी. तिचंच चित्र काढायला मला बोलावलंय. बागेच्या संचालकबाईंनी स्वतः चहा आणून दिला. बर्फातलं फूल म्हणजे आशा, म्हणजे धीर, असं तीनदा सांगितलं. बरं बाई, आशा तर आशा.

५ जानेवारी
जुनी चित्रं पाहिली. झाड हेच. अकरा हिवाळे, अकरा चित्रं, अकरा निरनिराळ्या चित्रकर्तींच्या सह्या. फूल, पान, बी, सगळं सुबक. मूळ मात्र एकीनेही काढलेलं नाही! वनस्पतीचं चित्र मुळाशिवाय पुरं होत नाही, हे शिकाऊ पोरींनाही कळतं. चक्क पाट्या टाकल्यात. बाई म्हणाल्या, लोकांना फूलच बघायचं असतं, मुळाशी खणायचं नाही. त्या सगळ्या कुठे गेल्या विचारलं, तर म्हणे लग्नं झाली.

८ जानेवारी
कळीपाशी स्टूल टाकून रेखाटते. तासाभरात उजवा हात कोपरापर्यंत गार पडतो, डावा ठणठणीत. कळी रोज थोडी उमलते, तिच्याभोवतीचा बर्फ वितळतो. माझं हातावर पोट आहे. हा हात गेला तर आईला काय खाऊ घालू? बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, फुलाकडून धीर शिका. तळपायाची आग मस्तकात गेली. धीर कसला डोंबलाचा! ऊब कुठून आणतं, ते विचारा त्याला.

११ जानेवारी
बोटं पांढरीफटक. पेन्सिल निसटते. उद्या निघणार. पण अर्धवट चित्रावर सही करणार नाही. आधी मूळ बघणार. बाईंची मनाई गेली उडत.

१२ जानेवारी, सकाळ
खुरप्याने खणलं. माती मऊ, कोमट. मुळांत हात. कुणा बाईचा. बोटांत पेन्सिल. त्याखाली आणखी एक — आणखी — लग्नं झाली म्हणे!

डाव्या हाताने लिहितेय. उजव्या मनगटाला मूळ — निघत नाही —

बाई आल्या. ओरडून मदत मागितली. छत्री धरून उभ्या. म्हणतात, यंदा रंग काय गडद आलाय.

भवाने, थांब. खुरपं डाव्या हाताशी आहे. हात गेला तरी चालेल. आई, माफ कर. मनगटापासून तोडते, पण हिला बारावं फूल मिळू देणार ना—