हिरव्या लुगड्याची गोधडी

बसरा छावणी,
फेब्रुवारी १९१९

मायच्या पायावर तिच्या शेषरावचं डोकं.

मी खुशाल हाये. लढाई सरली. घरी धाडाच्या लोकायची नावं रोज पुकारतात. आमची पलटनही लवकरच जहाजात चढन, तवा काळजी करू नको.

रोहिणखेडचा बशीर रजेवरून परत आला. त्याच्या हाती तू देल्लेली गोधडी भेटली. इथं थंडी लय हाये, पन मी ती अजून अंगावर घेतली नाही. तिच्यात मधोमध हिरवं लुगडं दिसलं, लाल काठाचं. भरतीले जाताना तुह्या सुनेसाठी मी मलकापूरहून आनलं होतं, तेच. तिनं तं घडीही मोडली नव्हती. तुमी आल्यावर नेसीन, म्हने.

नवं लुगडं काऊन फाडलं, माय? आजी गेली तवा तिच्या लुगड्यायची गोधडी तूच शिवली होती, म्हनून इचारतो.

बशीरले इचारलं, घरी समदे बरे हायेत ना. तो बुटाची नाडी बांधत बसला. मंग म्हने, तुह्या मायनं लय आग्रहानं जेवू घातलं. मी म्हटलं, वाढाले कोन होतं? म्हने, मायच.

तिकडं मानमोडीच्या तापानं लय लोकं गेले म्हनतात. आपल्या गल्लीत तं नाही ना आला? काळी गाय व्याली काय?

मुंबईले उतरलो की गाडीचा दिवस कळवीन. तुह्या सुनेले मलकापूरच्या ठेसनावर संगं घेऊन ये. जुनं लुगडं नेसलं तरी चालते.

तुह्या पायाशी येऊन राह्यलेला,
शेषराव