चहाच्या वेळी बंद पडणारा सर्व्हर

तीर्थस्वरूप बाबांस,

जावयाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? तुमची लेक म्हणते, फोनवर तुम्ही नुसतं "बरा आहे" म्हणता, तेही शेजाऱ्याच्या गुडघ्याबद्दल विचारल्यासारखं. इकडे माझी नोकरी सोडून बाकी सगळं खुशाल होतं. आता नोकरीही खुशाल आहे, पण ते क्रमाने सांगतो.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आपल्या नकाशाच्या कचेरीत एकच सर्व्हर होता, आजही एकच आहे (जुना जाऊन नवा आला, पण खोली आणि तुमचं स्टूल तेच). सगळ्यांचे नकाशे त्याच्यावर. गेले काही महिने हा सर्व्हर रोज दुपारी ऐन कामात बंद व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. नद्या अर्ध्यावर तुटायच्या, डोंगर पुसले जायचे, नकाशेवाले डोक्याला हात लावून बसायचे. तुमच्यानंतर यंत्राची देखभाल माझ्याकडे आलेली, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. साहेबांनी बोलावून सांगितलं, "एक तर हा बंद करणारा माणूस शोधा, नाही तर दुसरी नोकरी शोधा." पण शोधणार कसा? सर्व्हरच्या नोंदीत बंद करायचा हुकूम देणाऱ्याचं नाव फक्त 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी. आणि रूटचा पासवर्ड किटलीमागे चिकटवलेला (तुमच्या अक्षरात, म्हणून काढायला कुणाचा हात धजावला नाही). म्हणजे आपल्या कचेरीत जो चहा पितो तो रूट.

शेवटी बाहेरून एक जाणकार बाई आणल्या. आम्ही त्यांना दुर्बीणबाई म्हणतो (पाठीमागे). त्या तुमच्या स्टुलावर बसल्या, चार ओळी टाइप केल्या आणि म्हणाल्या, आता माणूस ज्या नावाने आत येईल ते नाव बाहेर जाईपर्यंत त्याला चिकटून राहील, मग आत त्याने रूटचा कोट घालो की आणखी कुणाचा. बाबा, मी थक्क झालो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर अख्खी कचेरी उघडी पडली. हिशेबनीस दिवसभर 'सध्या कोण कोण आत आहे' एवढाच हुकूम देत बसतात. साहेब रूट होऊन वेळ बघतात (घड्याळ त्यांच्या डोक्यावरच आहे). मी एकाच हुकुमाची माहिती रोज नव्याने विचारतो, हे बाईंनी वाचून दाखवलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात सर्व्हर बंद पडला. सुरू झाल्यावर बाईंनी ती ओळ काढली. हुकूम रूटचा, आणि शेजारी आत येणाऱ्याचं मूळ नाव. ते तुमचं होतं.

मी ते नाव दोनदा वाचलं. मग उलगडा झाला. जुना सर्व्हर तापायचा, म्हणून सगळे चहाला उठले की तुम्ही तो बंद करून पुन्हा सुरू करायचात. तुमचं खातं बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि तुम्ही घरच्या संगणकावरून आपला नेम चुकवला नाहीत. नव्या साहेबांनी चहा तासभर पुढे ढकलला, हे तेवढं तुम्हाला कुणी कळवलं नाही. नवा सर्व्हर तापत नाही, हेही नाही. साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "रोज?" माझी नोकरी वाचली, तुमचं खातं मात्र बंद झालं. राग मानू नये.

तुमचा,
जावई

ता. क. पत्र पाकिटात घालणार, तेवढ्यात जुन्या चहाची वेळ झाली. पडद्यावर तुमचं नाव आलं, पुढे 'प्रवेश नाकारला'. पुन्हा तुमचं नाव, पुन्हा तेच. मग आणखी एकदा. मला बघवेना. दुर्बीणबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

ता. क. २. त्यांनी तुम्हाला नवं खातं काढून दिलंय. त्यात एकच हुकूम चालतो, सर्व्हर बरा आहे का हे विचारायचा. तो 'बरा आहे' म्हणेल (गुडघ्याबद्दल तुम्ही म्हणता तसंच, पण त्याचं खरं असेल). पासवर्ड तुमची लेक फोनवर सांगेल. किटलीमागे लावू नये.

ता. क. ३. खरं म्हणजे सर्व्हरला याची काही गरज नाही. तुमच्या नावाची ओळ उमटली की मी तुमच्या लेकीला कळवणार, बाबा उठलेत, बसलेत, ठीक आहेत. म्हणून विनंती, रोज विचारत जा. ज्या दुपारी ओळ दिसणार नाही, त्या संध्याकाळी आम्ही मुलाबाळांसकट, बोचक्यांसकट तुमच्याकडे राहायला येऊ. तेव्हा सुट्टी विचार करून घ्यावी.