नव्या चौकटीला भोक नको

प्रिय छोट्या,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. तुझा फोन आला की बाबा मला तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि शब्द न् शब्द ऐकतात, हे तुला माहीत आहेच. परवा तू वादळाचं विचारलंस तेव्हा मी फक्त वाट बदलून गेलं एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. हे पत्र एकटा असताना वाच, आणि मध्येच संतापून फोन उचलू नकोस. तुझा स्वभाव मी जन्मल्यापासून, म्हणजे तू जन्मल्यापासून, ओळखते.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताईला खुसपटं काढण्यापलीकडे काही येत नाही. तू समुद्राकडच्या बाजूला बांधून दिलेली काचेची खोली बाबांना फार आवडली आहे. जन्मभर बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस तो. पडून चालणं बंद झाल्यापासून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवलात का विचारलं तरी मान हलवायचे. आता सकाळी चाकाची खुर्ची काचेपाशी लावली की तोंडाचा पट्टा सुरू. कुठलं जहाज लागलं, कोण माल वेडावाकडा उचलतोय, हल्लीच्या क्रेनवाल्यांना कसं काही येत नाही. मला त्या शिव्या ऐकून बरं वाटतं. हे तू केलंस, आणि मी ते चारचौघांत सांगते.

पण आपला उन्हाळा तू विसरलास. दुपारी त्या खोलीची भट्टी होते. मग एसी आला, जाड पडदे आले, काचेला चिकटवायचा काळा कागद आला, आणि तो लावल्यावर समुद्र दिसेना म्हणून बाबांनी तो काढायला लावला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विजेचं बिल मी तुला कळवलं नाही, कारण हौसेला मोल नसतं म्हणून मीच स्वतःची समजूत घातली होती.

काचेचं मात्र बोलायलाच हवं. वादळात टिकणारी काच जवळजवळ तिप्पट किमतीची होती, म्हणून तू साधी घेतलीस. वादळाचा इशारा आला की गल्लीतल्या सगळ्या घरांसारखं बाहेरून प्लायवूड ठोकायचं, असं आपलं ठरलं. मीही हो म्हणाले. पुढे विम्याचा माणूस आला, त्याने काचेवर बोटाने टकटक केलं आणि ही खोली विम्यात धरता येणार नाही म्हणाला. तेही बाबांच्या देखत. त्या दिवशी बाबा जहाजांबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि मला वाटलं, उकाड्याने दमले असतील.

मग इशारा आला. सुतार फळ्या घेऊन सकाळीच हजर झाला. त्याने ड्रिल लावलं मात्र, बाबा आतून ओरडले, नव्या चौकटीला भोक पाडायचं नाही! मला आधी हसूच आलं. मी समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. सुतार तरी किती थांबणार, त्याला अजून अख्खी गल्ली करायची होती. तो गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "पोरानं स्वतःचं घर गहाण टाकून बांधलंय हे. त्याला मी भोकं पाडू?"

छोट्या, हे मला माहीत नव्हतं. मी घरात नसताना तुझ्या बायकोच्या तोंडून बाबांशी फोनवर बोलताना निघून गेलं होतं. तिच्याशी भांडू नकोस, तिने कुणाजवळ तरी मन मोकळं करायला नको का? पण नाकापेक्षा मोती जड झाला रे.

दुपारी लोकांना शाळेत हलवायला गाडी आली. बाबांनी खुर्चीच्या चाकांचे ब्रेक लावले आणि चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. वारा वाढला की क्रेनला कुलूप घालून खाली उतरायचं, साहेब कितीही ओरडला तरी ऐकायचं नाही, असं साऱ्या बंदराला शिकवलेला माणूस! मी त्यांना तेच ऐकवलं. म्हणाले, "क्रेन कंपनीची होती. ही खोली पोराची आहे." गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

काचा वाऱ्याने आत-बाहेर होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. श्वास घेतल्यासारख्या. मी गाद्या आणून त्यांच्या भोवती उभ्या केल्या आणि त्यांच्या पायाशी बसले. ते एका काचेला तळहात लावून होते, जणू तेवढ्याने ती थांबणार होती. मी इतकी घाबरले होते की रडूसुद्धा आलं नाही. संध्याकाळी वारा समुद्राकडे वळला. एका काचेला तडा गेलाय. छोट्याला सांगू नको, म्हणाले.

वादळांचा हंगाम अजून संपलेला नाही. माझं ते ऐकणार नाहीत. त्यांच्या लेखी मी कायमची घाबरट. पण तुझ्या शब्दावर त्यांचा आंधळा विश्वास आहे. म्हणून रविवारी फोन कर आणि नेहमीसारखा स्पीकरवर बोल. सांग, घर सोडवून घेतलं. सांग, दुसऱ्या कंपनीचा विमा काढलाय, काच फुटली तर फुकट नवी मिळते, खुशाल भोकं पाडा. यातलं काहीच खरं नाही हे मला कळतं. त्यांच्याशी कधी खोटं बोलला नाहीस, याचा तुला किती अभिमान आहे तेही कळतं. तो अभिमान आता बाजूला ठेव. कारण पुढच्या वेळीही ते तिथून हलले नाहीत, तर मी एकटी गाडीत बसणार नाही. त्या खोलीत आम्ही दोघं असू.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई