पश्चिमेची खिडकी

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

ती खिडकी डोक्यातून जात नाही. घरांचे नकाशे काढायच्या आमच्या नव्या ऑफिसात माझी भागीदार मृण्मयी हिचाच नियम आहे, आधी घराची गोष्ट सांगायची, मगच रेघ ओढायची. म्हणून आज वैरागहून नकाशासाठी आलेल्या गिऱ्हाईक काकांना त्यांच्या घरासाठी मी गोष्ट सांगितली, समोरच्या बंद खिडकीकडे रोज बघत बसणाऱ्या एका खिडकीची. मृण्मयी शेजारीच होती. ती बंद खिडकी म्हणजे तीच, हे नाव घेऊन सांगायला हवं होतं का?

काका हसले. "पोरा, ही गोष्ट आमच्या घराची हाय की तुझी?"

चोरी पकडली गेल्यासारखा मी तापलो आणि रागाच्या भरात नकाशात पश्चिमेच्या भिंतीला खिडकी काढली.

मृण्मयी म्हणाली, "आपल्याकडं पश्चिमेला खिडकी? मे महिन्यात भाजून निघतील की रे! कॉलेज अर्धवट सोडलं की असं होतं."

काकांसमोर माझं अर्धवट कॉलेज काढलं! पेन्सिल फेकून निघून आलो. पुन्हा ऑफिसला जायचंच नाही, असं ठरवलं.

आत्ता तिचा फोन आला. "खिडकी खोडली नाही मी. तिच्यावर छज्जा काढलाय. आधी सावली कर, मग समोरची उघडते का बघू."

आणि ठेवला. छज्जा केवढा हवा, ते सांगितलंच नाही. उद्या जाऊन विचारावंच लागेल.