सुरूच्या रांगेवरचा पांढरा पट्टा

४ नोव्हेंबर

पाय दुखतायत. आजही दिवसभर बागेत. बाग म्हणायची आपली सवय! संत्री कधीच संपली. एका चौकोनात पत्र्याची गोदामं, एकात मोटारी धुण्याचा धंदा, बाकी गवत. उरल्यात त्या चौकोनांच्या कडेने लावलेल्या सुरूच्या रांगा. वारा अडवायला लावल्या होत्या, मोहोर गळू नये म्हणून. आता मोहोर नाही, तरी वारा अडवतायत.

बिल्डरला चौकोन हवेत, रांगा नकोत. आमचं वारसा कार्यालय म्हणतं, रांगा राहू द्या. सुनावणी महिनाअखेरीला. बिल्डरचा वकील आज जागा बघायला आला होता. "ताई, वारसा म्हणजे राजवाडे वगैरे. हे तर कुंपण!" मी सांगितलं, शेजारच्या वसाहतीच्या गल्ल्या या रांगा धरूनच आखल्यात. मी स्वतः त्यातल्याच एका गल्लीत राहते. तो हसला. "आधी रांगा की आधी गल्ल्या? ते सिद्ध करा, मग बोलू."

तेच तर अडलंय. जुना फोटो नाही, नकाशा नाही. काहीच नाही.

७ नोव्हेंबर

बुंध्याला बारीक भोक पाडून झाडाचं वय काढता येतं. पालिकेने परवानगी नाकारली. झाडाला इजा होईल म्हणे! तेच झाड पाडायचा अर्ज मात्र 'विचाराधीन' आहे.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "निदान घेर तरी नीट मोज. आणि खूण करत जा, नाहीतर एकच झाड दोनदा मोजशील." खडूच्या खुणा दवाने पुसल्या जातात. स्टोअरमधून रंगाचा डबा मागून आणला.

जेवताना दादा म्हणाला, "काय वारसाबाई, आज किती झाडांना मिठ्या मारल्या?"

"तुझ्यापेक्षा बरं. तू त्यांची मुंडकी उडवतोस."

दादा वीज कंपनीत, तारांखालची झाडं छाटणाऱ्या टोळीचा मुकादम. आई म्हणाली, "दोघंही झाडांवर जगता, आणि माझ्या खिडकीत एक कुंडी नाही!" खूप दिवसांनी सगळे हसलो.

१० नोव्हेंबर

सुरुवात रस्त्याकडच्या रांगेपासून केली. मोजलेल्या झाडाला छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा. तीनच झाडं झाली, मग अंधारलं. एवढंच. फार थकलेय.

११ नोव्हेंबर

सकाळी कार्यालयात होते. दुपारी बागेत गेले तर रस्त्याकडच्या रांगेत खिंडार. तीन सुरू मुळाशी कापलेले. ओंडकेही उचलून नेलेले. नुसते बुंधे, त्यांना अजून ओला वास.

माझेच तीन. बाकी एकाही झाडाला धक्का नाही.

घरी आले तर दादा जेवत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आज तुझ्या बागेवर होतो, रस्त्याच्या तारांखाली. म्हटलं, दिसशील."

"दादा, ती तीन झाडं का पाडलीस?"

"पट्टा होता ना."

"म्हणजे?"

"पांढरा पट्टा म्हणजे मुळापासून काढा. लाल म्हणजे नुसत्या फांद्या. आमच्यात सगळीकडे हेच चालतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. घास हातातच राहिला. "तू काढलास?"

रोज शेजारी शेजारी बसून जेवतो. एकमेकांच्या कामाची टिंगल करतो. कुठलं झाड पाडायचं हे तुला कसं कळतं, असं मी त्याला कधी विचारलं नाही. मी तिथे नक्की काय करते, हे त्यानेही नाही.

१३ नोव्हेंबर

मॅडम बुंध्यांशी गुडघे टेकून बसल्या. टाचण्या रोवत रोवत आम्ही बुंध्यावरची, वर्षाला एक पडणारी कडी मोजली. मग पुन्हा मोजली. झाडं वसाहतीपेक्षा किती तरी जुनी! आधी रांगा, नंतर गल्ल्या. आता कुणाला नाही म्हणता येणार नाही. मॅडमनी मला मिठीच मारली. मी रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

मग सांगितलं. पट्टे माझे होते. पाडणारा माझा भाऊ.

त्या हातातल्या टाचण्या डबीत भरू लागल्या. "आता कुणापाशी बोलू नकोस. पुरावा हवा होता म्हणून हिनेच भावाकडून झाडं पाडून घेतली, असं म्हणेल तो वकील. बुंधे पुराव्यातून बाद. मग रांगाही गेल्या समज."

"पण मॅडम, खरं..."

"मला कळतंय गं खरं काय ते."

१७ नोव्हेंबर

दादावर चौकशी बसली. परवानगी नसताना झाडं पाडली म्हणून. काढून टाकतील असं त्याचेच लोक बोलतायत. टोळीतल्या दोघांनी पट्टा पाहिला होता. त्यांना त्याने गप्प बसवलं.

बाबा चिडले. "अरे, पट्टा होता असं सांगून टाक ना!"

"मी लिहून दिलंय, नजर चुकली."

"का पण?"

"पट्टा म्हटलं की कुणाचा, हे निघणार." मग माझ्याकडे न बघता, "घरातलं एक माणूस खुर्चीवर बसतंय. तिला उठवून मला थोडीच मिळणारे खुर्ची?"

टीव्हीच्या वर बाबांनी माझ्या पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलंय. घरातलं पहिलं. तिकडे बघवत नाही.

२१ नोव्हेंबर

अहवाल लिहितेय. "या रांगांमुळे परिसराची मूळ रचना आजही वाचता येते." चांगलं वाक्य आहे. तरी दर ओळीला वाटतं, हे लिहिणारी कोण?

२४ नोव्हेंबर

कामावरून येताना मुद्दाम बागेतून आले. गोदामाचा पहारेकरी बुंध्यावर बसून चहा पीत होता. खिंडारातून वारा थेट आत येतो. ओढणी सावरत पुढे गेले. दोन रांगांच्या मधे मात्र सगळं शांत. कुणी तरी विचार करून लावलं होतं हे, न पाहिलेल्या माणसांसाठीही.

ठरलं. उद्या सुनावणीत सांगणार. घडलं तसं नोंदवायचं, एवढंच तर आमचं काम! रांगा गेल्या तर जातील. माझी नोकरी गेली तर जाईल. पण दादाच्या माथी नको.

दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. जेवून घे आधी."

२५ नोव्हेंबर

रांगा वाचल्या. सगळ्या.

निकालाआधी समितीच्या अध्यक्षांनी दादाचा 'नजर चुकली' हा जबाब वाचून दाखवला आणि मला विचारलं, "या तीन झाडांबद्दल तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

दादा मागच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून.

मी म्हटलं, "नाही."