हॅलोवे हिलचं नववं मत

हॅलोवे हिल, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, १४ एप्रिल १९८०

प्रिय एमिल,

आम्ही सगळे ठीक. तुझा खोकला थांबला का? तीन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या भावाच्या दाराखालून पत्र सरकवतेय म्हणून हसू नकोस. समोर आले की तू मला हसवतोस, आणि बोलायचं राहून जातं.

आई बरी आहे. दरवर्षीसारखी यंदाही मिरचीची रोपं घाईने बाहेर लावून बसली, आणि आता रात्री पुन्हा रोपं करपवणारं गोठलेलं दहिवर पडतंय. माझं ऐकेल ती आई कसली!

तुझ्या पाट्या आता घरोघरी अंगणात दिसतात. ‘आमची शाळा आमचीच.’ हॉफलरांच्या अंगणात नाही. आम्हा नऊ सभासदांच्या शिक्षण मंडळात, टेकडीखालच्या गावाच्या मंडळाशी एक व्हावं असं उघड बोलणारा डेल्बर्ट हॉफलर पहिला, म्हणून त्याच्या गाडीचे टायर कोणीतरी फाडले. त्याची बायको बेकरीत भेटली. रोज संध्याकाळी फोन येतो म्हणाली. पलीकडचा माणूस एवढंच विचारतो, “तुमचं घर लाकडी आहे ना?” आणि ठेवून देतो. एवढं सांगून ती पाव घेऊन घाईने निघून गेली.

माझ्याकडे असा फोन एकदाही आला नाही. कोच एमिल हुडाकच्या बहिणीला कोण धमकावणार?

गुड फ्रायडेला चर्चच्या तळघरात मी मासे वाढत होते, तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकवलंस, “चार इकडे, चार तिकडे, आणि नववं मत आमच्या विल्माचं. हुडाकांच्या घरात मत फुटत नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले आणि तुझ्या ताटात बटाटा भरलेले आणखी दोन पिरोही वाढले. तू त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतलास. आपल्याकडे बाई गप्प राहून वाढत असली की ‘हो’च समजतात.

दर हंगामात पहिल्या सामन्याआधी तू पोरांना आपल्या मंडळाची कथा सांगतोस. लोकांनी खालच्या शाळेतली बाकं खांद्यावर घेतली, टेकडी चढून आले, आणि स्वतःची शाळा उभी केली. तू सांगतोसही असा की माझ्या अंगावर काटा येतो. काल मी ती आईला सांगत होते. ती बटाटे सोलत होती.

“ती बाकं कोणापासून पळवली, ते सांगतो का तुझा भाऊ?”

“कोणापासून?”

“आमच्यापासून, बाई! स्लोव्हाक पोरांच्या अंगाला लसणाचा वास येतो म्हणे. तुझा बाप पोरवयात वरच्या शाळेत नाव घालायला गेला, तर दारातूनच परत पाठवला. पुढे टेकडीवर घर घेतलं, तेव्हाही त्या दारावरून जाताना मान खाली घालायचा.”

“मग एमिलला कधी बोलली नाहीस?”

“तो शाळेची टोपी घालून इतका खुशीत घरी आला होता. माझी जीभच उचलेना.”

आता खाली काळ्यांची पोरं आहेत, एमिल. लसणाऐवजी लोक दुसरं काहीतरी बोलतात. दार मात्र तेच, आणि यावेळी ते धरून आपण उभे आहोत.

मंडळं एक झाली की हॅलोवे हिलचं नाव पुसलं जाईल. दोन कोच आणि मैदान एक, म्हणजे तुझी नोकरीही जाऊ शकते. हे मला कळत नाही असं समजू नकोस. 

उद्याच्या सभेत मी एक होण्याच्या बाजूने हात वर करणार आहे.

लिहिलं एकदाचं. भरल्या सभेत, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत तुला हे कळावं, असं मला नको होतं. तू चिडशील. कदाचित माझं तोंडही बघणार नाहीस. ते मी सोसेन, पण रडत सोसेन, तेवढं तू ओळखतोसच.

आता हे आज कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, ते तुझ्या हातात आहे. तुझ्या पाट्या ठोकत फिरणारी माणसं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आमचंही घर लाकडीच आहे.

आणि उद्या आईच्या अंगणात पाटी दिसली नाही, तर माझ्यावर आळ घेऊ नकोस. तिनेच ती उपटून मिरच्यांवर झाकण घातलंय.

मागचं दार मी आजही कडी न लावता ठेवतेय, तू कधीही येतोस म्हणून.

तुझी बहीण,
विल्मा